अण्णांशी बोलतानाच रेंज जाते

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की माझी बायको आधी स्क्रूड्रायव्हर लपवते. तिचं म्हणणं असं की मी वस्तू दुरुस्त करत नाही, तिची चौकशी बसवतो. यात खोटं काही नाही. मिक्सर बंद पडला तर तो कधी सुरू होईल यापेक्षा तो का बंद पडला याचीच मला जास्त ओढ. सारी नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेली. तिथे साहेब सांगतील ती रेघ मारायची, का म्हणून विचारायची सोय नव्हती. निवृत्त झालो आणि साठलेले सगळे प्रश्न एकदम मोकाट सुटले.

त्यामुळे आईचा मोबाईल मध्येच कट व्हायला लागला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला थोडा आनंदच झाला.

आई आमच्याकडे उणकलला असते. आयुष्य धारवाडात, मळमड्डीच्या भाड्याच्या घरात काढलं. वडील गेल्यावर मी तिला इथे आणलं, तळ्याच्या मागच्या बाजूला नव्यानं पडलेल्या प्लॉटांवर आमचं घर आहे तिथे. माझा जुना स्मार्टफोन तिला दिला. ती त्याच्यावर फोन करते, फोटो बघते आणि सकाळचे फुलांचे मेसेज आले की "यांना काही कामधंदा नाही काय?" असं म्हणून ते प्रत्येक फूल नीट मोठं करून बघते.

दर रविवारी दुपारी ती आपल्या थोरल्या भावाला फोन करते. ते अळणावरजवळच्या एका खेड्यात असतात. घरची भातशेती, मागे जंगल. माझे ते मामा, आईचे अण्णा. आजोबा लवकर गेले, तेव्हा अण्णांनीच तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. त्यामुळे ती त्यांना अजून अहोजाहो करते आणि ते तिला 'तंगी' म्हणतात. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. आईचं खरं नाव मामांच्या तोंडून मी तरी कधी ऐकलेलं नाही.

फोन सुरू व्हायचा झकास. पाऊस, भात, गाय व्याली का, शुगर किती आली. आई तारस्वरात बोलायची, कारण अळणावर लांब आहे. आणि मग मध्येच, "हॅलो? अण्णा? हॅलो?" आणि फोन कट. आई फोनकडे बघत बसायची. पुन्हा लावायची नाही. मामाही पुन्हा लावायचे नाहीत.

आता हे एवढंच असतं तर तो नुसता रेंजचा प्रश्न झाला असता. पण त्या वर्षी मामी गेल्या होत्या. नेमकं तेव्हाच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत जायची, तेवढंच. मामींच्या आजारपणात ती जाऊ शकली नाही, शेवटच्या दर्शनालाही नाही, दिवसकार्यालाही नाही. मी एकटा जाऊन आलो. मामा माझ्याशी नीट बोलले. आईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि मला ते तेव्हा खटकलंही नाही.

आईच्या मनात मात्र ते रुतून बसलं. अण्णांना एकदा नीट सांगायचं, माफी मागायची, असं ती ठरवायची. गुडघा बरा झाला, संध्याकाळी तळ्याला चक्कर मारण्याइतका बरा झाला, तरी ती गावाला जायचं नाव काढेना. मी एकदा म्हटलं, चल, गाडीनं सोडतो.

"कुठल्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली. "मी तो विषय काढला की अण्णा फोन ठेवतात. मामींचं वर्षश्राद्ध आलंय तोंडावर. त्यांनी ये म्हटलं तर जाईन. नाही तर नाही."

"अगं ते ठेवत नाहीत, रेंज जाते."

"दर वेळी तेवढ्यालाच जाते काय रेंज?"

प्रश्न चांगला होता. मी उत्तर द्यायचं सोडून त्या प्रश्नावरच खूश झालो. दर वेळी तेवढ्यालाच का जावी?

चौकशी सुरू झाली. प्रथम संशय घरावर. आमचं घर तसं खोलगट जागेत आहे, तळमजल्यावर रेंज लंगडत येते. दोन दांड्या, कधी एकच. मी फोन हातात धरून घरभर फिरलो. देवघरात एक दांडी, जिन्यात तीन, गच्चीवर सगळ्या. बायको म्हणाली, "झाडू पण बरोबर घ्या, फिरताय तर." आईची खिडकीजवळची खुर्ची मात्र बरी निघाली. तिथे दोन दांड्या कायम असायच्या. मी दर वेळी बघायचो तेव्हा असायच्याच.

मग संशय सिमवर. विद्यानगरातल्या एका दुकानात जाऊन सिम बदललं. दुकानदारानं फोन उलटापालटा करून कन्नडमध्ये सांगितलं की सेट म्हातारा झालाय, नवीन घ्या. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मलाही बदला." सिम बदललं, पण पुढच्या रविवारी फोन कट झालाच.

मग मला सुचलं ते मी फार हुशारीचं समजत होतो. आईच्या त्याच फोनवरून, त्याच खुर्चीत बसून मीच मामांना फोन लावला. बराच वेळ बोललो. यंदा हत्ती शेतात आले होते त्याची सगळी हकीकत ऐकली. फोन अजिबात कट झाला नाही. मग आईला सप्तापूरच्या तिच्या मैत्रिणीला फोन करायला लावला. दोघी नवीन सुनांवर भरपूर बोलल्या. तोही कट झाला नाही.

मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "म्हणजे फोन चांगला, खुर्ची चांगली, मामांकडची रेंजही चांगली."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझ्याशी बोलतात. माझाच कट करतात."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मला मिक्सर परवडला. फोनच्या नादात मी आईच्या जखमेवर मीठ चोळून ठेवलं होतं. त्या रविवारी आईनं मामांना फोनच केला नाही. जेवून झोपते म्हणाली आणि झोपली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाही डोक्यात तोच भुंगा. तीच खुर्ची, तोच फोन, तेच मामा. बदललं होतं ते फक्त बोलणारं माणूस. मग त्या माणसात असं काय आहे?

पुढच्या रविवारी मी तिची विनवणी केली, एकदाच लाव. आणि या वेळी मी फोनकडे बघायचं सोडून आईकडे बघत बसलो. पेपर तोंडापुढे धरला होता, पण वाचत नव्हतो. तिनं उजव्या हातात फोन धरला होता, वरच्या बाजूला, बोटांनी. पाऊस झाला, भात झालं, शुगर झाली. मग तिचा आवाज खाली आला. "अण्णा, एक सांगायचं होतं..." आणि तिचा डावा हात वर आला. वाऱ्यात निरांजनाभोवती धरतो तसा तो फोनच्या खालच्या टोकाभोवती वळला आणि तिच्या तोंडावर ओंजळ झाकली गेली. ती त्या ओंजळीत कुजबुजत राहिली. थोड्या वेळानं, "हॅलो? अण्णा? हॅलो?"

आणि मग तिनं फोन तोंडापासून दूर धरून पडद्याकडे बघितलं. दोन दांड्या. अर्थातच. कारण हात निघाला होता.

मी पेपर टाकून उठलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी गच्चीपर्यंत फिरून आलो होतो आणि चोर तिच्या मनगटाला लागूनच होता.

त्या आठवड्यात मी जे केलं ते शेजाऱ्यांनी बघितलं नाही हे बरं. फोनच्या सेटिंगमध्ये खोल शिरलं की रेंज आकड्यात दिसते. आकडा उणे असतो, आणि उणं जितकं वाढेल तितकी रेंज वाईट. मी आईच्या खुर्चीत बसून फोन वरून धरला, आकडा बरा. खालून मूठ आवळली की आकडा घसरायचा. दोन्ही हातांनी ओंजळ केली की एक दांडी, मग तिच्या जागी फुली. हे मी इतक्या वेळा केलं की बायको विचारायला लागली, मंत्र कुठला म्हणताय.

मग प्रश्न पडला की हातच का? फोनवर पदर टाकून बघितला, काही नाही. कोरडा पंचा, काही नाही. ओला पंचा, थोडा फरक. शेवटी मी स्वयंपाकघरातून दुधी भोपळा आणून फोनच्या खालच्या टोकाला चिकटवून धरला, आणि आकडा छान घसरला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात दुधी होता.

गोष्ट अशी की फोनची अँटेना आता बाहेर दिसत नाही. ती आतच, बऱ्याच फोनमध्ये खालच्या कडेला, पट्टीसारखी बसवलेली असते. आणि माणसाचा हात म्हणजे दुधीसारखाच, बराचसा पाणी. तो लहरी अडवतो, गिळतो. गच्चीवर भरपूर रेंज असते, तिथे हातानं थोडी गिळली तरी बोलणं चालू राहतं. आमच्या तळमजल्यावर मुळातच ती रांगत येते, तिथे तेवढ्यानं जीव जातो. मैत्रिणीशी सुनांबद्दल बोलताना आई हात वर नेत नव्हती, कारण त्यात लपवायचं काय? मनातलं बोलायची वेळ आली की हात जायचा. आणि मनातलं ती फक्त अण्णांशी बोलायची.

"दुधी ठेवा," बायको म्हणाली. "भाजी करायचीय."

पण मला अजून एक जाणून घ्यायचं होतं. हा हात आला कुठून? मी आईला विचारलं. तिला आपण असं करतो हेच माहीत नव्हतं. मी करून दाखवलं तेव्हा ती हसली आणि मग तिला आठवलं.

मळमड्डीत लग्न होऊन आली तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच फोन होता, घरमालकांकडे. घरमालक वकील. फोन त्यांच्या बैठकीत, आणि बैठकीत सकाळपासून पक्षकार बाकावर बसलेले. गावाकडच्या पोस्टात अण्णा येणार, ट्रंक कॉल लागणार, मग वकिलांची कामवाली हाक मारणार, आणि आई भिजल्या हातानं पळत जाणार. ती रिसीव्हर उचलायची आणि बाकावरचे सगळे पक्षकार आपले दावे विसरून तिच्याकडे कान करायचे. वकिलीणबाईसुद्धा पान चघळायचं थांबवायच्या म्हणे.

"मला टायफॉइड झाला होता ते तिथूनच सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझा टायफॉइड मोठ्यानं सांगितला. तुझ्या आधीचं एक बाळ गेलं ते असं सांगितलं." तिनं पुन्हा ओंजळ केली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या बाळाबद्दल मला तोवर काहीच माहीत नव्हतं. आणखी काही विचारावं असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

थोड्या वेळानं मी आईला सगळं समजावलं. अँटेना, हात, पाणी, दुधी. तिनं नीट ऐकलं. "म्हणजे माझ्याच हातानं अण्णांचं बोलणं तुटत होतं," ती म्हणाली.

"तर काय! ते कट करत नव्हते. म्हणजे ते रागावलेले नाहीत. सरळ आहे."

"असं कसं रे सरळ? त्यांनी फोन ठेवला नाही म्हणजे राग नाही, हे कुठं लिहिलंय?"

फोन का तुटतो ते मी शोधून काढलं होतं, मामांच्या मनात काय आहे ते नाही. वर्षश्राद्ध पुढच्याच आठवड्यात होतं.

रविवारी मी जेवणाच्या टेबलावर तांब्या ठेवला, त्याला फोन टेकवून उभा केला आणि स्पीकर सुरू केला. बायकोनं आईपुढे पावट्याच्या शेंगा आणून ओतल्या. "आई, तुम्ही शेंगा सोला. हात गुंतलेले बरे." माझ्या सगळ्या प्रयोगांपेक्षा ही युक्ती चांगली होती, हे मी तेव्हाच मान्य केलं.

"अण्णा, आज फोन कट होणार नाही," आई म्हणाली.

"का? घरात टॉवर बसवलाय काय?"

मग मी मधे पडून मामांना हाताची गोष्ट सांगितली. दुधीचा भाग गाळला. पलीकडे गोठ्यातली घंटा वाजत होती.

"म्हणजे तू फोन ठेवत नव्हतीस?" मामांनी विचारलं.

"मी? मी कशाला ठेवीन? तुम्ही ठेवत होतात की अण्णा."

"मला वाटलं तुझ्या वहिनीचा विषय निघतोय असं दिसलं की तुला नको होतं. म्हणून ठेवतेस. नको तर नको, म्हणून मीही लावत नव्हतो."

मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. एवढं काम फत्ते झालं होतं, आता त्यावर शिक्का तेवढा मारायचा म्हणून मी म्हटलं, "म्हणजे मामा, तुम्ही आईवर रागावलेला नव्हताच ना!"

"रागावलो होतो की. अजून आहे."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ऑपरेशन होतं, आली नाही, त्याचं मला काही नाही," मामा बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "पण पाय बरा झाला की! रोज तळ्याला चक्कर मारतेस, हाच सांगतो मला. तळ्याला चक्कर मारणारीला अळणावरची बस चढता येईना काय? मी इथं एकटा त्या चुलीपुढं बसतो. चहा दोघांचा ठेवतो आणि मग ओतून टाकतो. कोण आहे माझं म्हणायला? आता वर्षश्राद्धाला तरी येणार आहेस, का तेही फोनवरच उरकणार?"

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, ते तळ्याच्या चकरा सांगितल्याबद्दल. मग ती "होय अण्णा" म्हणाली. मामा बोलत राहिले, ती "होय अण्णा, चुकलं" म्हणत राहिली. मला कसंतरी होत होतं. म्हाताऱ्या आईला कुणी इतकं रागवत असताना मी टेबलापाशी बसून ऐकतोय! पण तिचा चेहरा बघितला तर तो सैल होत चाललेला. इतके महिने ज्याची भीती होती ते तिच्या वाट्याला आलं होतं आणि ती शेंगा सोलत ते सगळं घेत होती. येईन म्हणाली. शनिवारीच येते म्हणाली.

मग मामांचा आवाज खाली आला.

"शेवटी शेवटी तिला दिवस कळत नव्हता," ते म्हणाले. "सकाळी उठली की विचारायची, वन्सं आल्या काय? मी सांगायचो, उद्या येतील. दुपारी परत, वन्सं आल्या काय? मी म्हणायचो, वाटेत आहेत. त्या दिवशी सकाळी पण मी तेच..."

आईच्या हातातून शेंग पडली. मी बघत होतो, पण थांबवू शकलो नाही. तिनं दोन्ही हातांनी फोन उचलला, तोंडाशी नेला, आणि ओंजळ झाकून घेतली. "अण्णा," ती त्या ओंजळीत म्हणाली. "अण्णा, मी..."

आणि आवाज बंद झाला.

"आई, हात," बायको म्हणाली, पण उशीर झाला होता. आईनं फोन शेंगांवर ठेवला. फोन का तुटला हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि तरी मला भीती वाटली. आई पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा लावू का, असं मी विचारणार होतो.

एवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर 'अण्णा' असं नाव आलं होतं. या फोनवर ते नाव आपणहून आलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. आईनं पदराला हात पुसले, आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. स्पीकरचं बटण मीच दाबलं.

"तंगी," मामा म्हणाले, "आधी तोंडावरचा हात काढ. मग रड."